ट्रकच्या धडकेनंतर भरपाईचा दावा: कागद कोणते, कधी जमवायचे

सगळ्यात आधी नंबर. कंटेनर ओढणारा पुढचा भाग आणि मागचा ट्रेलर यांची नोंदणी वेगळी असते, विमाही बहुधा वेगळा. उसाच्या ट्रॅक्टरचं तेच. मागे दोन ट्रॉल्या असल्या तर त्यांचेही नंबर टिपा. फिर्यादीत सगळे नंबर यायला हवेत, नाहीतर विमा कंपनी धडक आमच्या वाहनाची नव्हतीच म्हणायला मोकळी. एम-परिवहन अ‍ॅपवर विम्याची आणि फिटनेसची मुदत पाहून त्याच दिवशी स्क्रीनशॉट काढा.

दवाखान्याच्या कॅज्युअल्टीत काय लिहिलं जातंय ते वाचा. घाईत कुणी ‘गाडीवरून पडला’ सांगतं, तसंच नोंदवलं जातं, आणि दोन वर्षांनी उलटतपासणीत तोच कागद पुढे येतो. ‘ट्रकने धडक दिली’ ही नोंद पहिल्याच पानावर हवी. नियुक्त रुग्णालयात पहिले 7 दिवस दीड लाखापर्यंत विनारोकड उपचारांची केंद्राची योजना मे 2025 पासून आहे. त्यासाठी पोलिसांपर्यंत खबर गेलेली असावी लागते. बिलांच्या मूळ प्रती मेडिक्लेमवाले ठेवून घेतात, म्हणून देण्याआधी रुग्णालयाचा शिक्का मारलेला दुसरा संच करून घ्या.

घटनास्थळाच्या पंचनाम्यात ब्रेकच्या खुणा, वाहनं कुठे थांबली, रस्त्याची रुंदी हे आलंय का पाहा. रात्री रस्त्यावर उभ्या असलेल्या ट्रकला मागून धडक बसली असेल तर रिफ्लेक्टर आणि मागचे दिवे होते की नव्हते यावर निम्मा दावा ठरतो. टोलनाक्याचं किंवा धाब्याचं सीसीटीव्ही चित्रण काही दिवसांत पुसलं जातं. ते ताब्यात घ्यावं असा लेखी अर्ज पोलिसांना देऊन पोच घ्या.

पोलिसांनी 48 तासांत पहिला अहवाल भरपाई ठरवणाऱ्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाला पाठवायचा असतो, सविस्तर अहवाल तीन महिन्यांत. त्यावर विसंबून राहू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम 166 खालचा भरपाईचा अर्ज सहा महिन्यांच्या आत करा, आणि तो राहत्या जिल्ह्यातही करता येतो. साताऱ्याच्या माणसाला सोलापूरजवळ अपघात झाला म्हणून तिकडे खेटे घालायला नकोत.

आता पैशाचा खरा भाग: उत्पन्नाचा पुरावा. भाजीचा धंदा करणारा 34 वर्षांचा माणूस गेला, मागे बायको, दोन मुलं, आई. महिना 20,000 सिद्ध झाले तर पुढच्या वाढीचे 40 टक्के धरून 28,000, त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी चौथा हिस्सा वजा करून 21,000. वर्षाचे 2,52,000, त्याला या वयाचा 16 हा गुणक, म्हणजे 40,32,000. पुरावा नसल्याने न्यायाधिकरणाने 10,000च धरले तर हीच रक्कम 20,16,000. गुणक ठरलेला आहे, त्यावर वाद घालून फार काही मिळत नाही. त्यामुळे बँकेचा उतारा, आयकर विवरणपत्रं, मार्केट यार्डाच्या पट्ट्या शोधा. शेतकरी असेल तर सातबारा, कारखान्याची ऊसबिलं, डेअरीच्या पावत्या. जमीन वारसांकडेच राहिली हा युक्तिवाद होणारच. आता मजूर किंवा वाटेकरी लावावा लागतोय हे दाखवणारा पुरावा ठेवा.

जखमीच्या दाव्यात अपंगत्वाच्या टक्क्यांइतकंच महत्त्व कामावर झालेल्या परिणामाला. पाय गेलेला कारकून आणि पाय गेलेला ड्रायव्हर यांचं नुकसान सारखं नसतं. प्रमाणपत्र देणारे डॉक्टर साक्षीला येतील ना, हे आधीच विचारा.

अर्जात मालक, चालक, विमा कंपनी तिघांनाही सामनेवाले करा. मालट्रकमध्ये फुकट बसून जाणाऱ्याची जबाबदारी विमा कंपनी सहसा नाकारते. तिथे मालकाची मालमत्ता शोधावी लागते. ट्रक पळून गेला आणि सापडलाच नाही तर मृत्यूसाठी 2 लाख, गंभीर दुखापतीसाठी 50,000 मिळतात. तो अर्ज प्रांत किंवा तहसीलदारांकडे.

लोकअदालतीत तडजोड झाली की अपील नाही. आलेल्या आकड्यात अर्जाच्या तारखेपासूनचं व्याज धरलंय की वेगळं, हे सहीआधी लेखी मागा. अपघातानंतरच्या आठवड्यात ट्रकमालकाचा माणूस घरी आणतो त्या कोऱ्या स्टॅम्पपेपरवर तर सही करूच नका.