कॅरॅव्हॅन जोडून फ्रान्समधून दक्षिणेकडे : देखणा आणि झेपणारा रस्ता कसा निवडावा

फ्रान्समध्ये देखणा रस्ता शोधायला कष्ट पडत नाहीत. मिशेलिनचा १:२,००,००० प्रमाणाचा विभागीय नकाशा उघडा; ज्या रस्त्याच्या कडेने हिरवी रेघ आहे तो निसर्गरम्य. अडचण एवढीच, की ही रेघ आखताना गाडीमागे कॅरॅव्हॅन, म्हणजे ओढून न्यायचं चाकांवरचं घर, असेल हे कोणी धरलेलं नसतं. व्हेर्दाँ दरीच्या दक्षिण काठाचा डी ७१ (डी म्हणजे स्थानिक जिल्हा रस्ता, ए म्हणजे महामार्ग) आणि व्हेर्कोर डोंगरातली कोंब लाव्हालची कड्यात कोरलेली वाट, दोन्ही अप्रतिम आहेत. पण वळणावर समोरून दुसरी कॅरॅव्हॅन आली, तर कोणाला तरी ती मागे घ्यावी लागेल, आणि तेही एका बाजूला दरी ठेवून.

म्हणून आधी हे ठरवून टाका: कॅरॅव्हॅन ओढायचा रस्ता वेगळा आणि बघायचा रस्ता वेगळा. ओढायच्या रस्त्यासाठी रुंदी आणि चढ पाहा. बघायच्या जागेजवळ दोन-तीन रात्रींचा मुक्काम करा, कॅरॅव्हॅन कॅम्पिंगवर सोडा आणि हिरव्या रेघा मोकळ्या गाडीने फिरा. नवखे लोक दोन्ही एकाच रस्त्यावर साधायला जातात आणि चालवणाऱ्याला दिवसभर फक्त पुढची डांबरी पट्टी दिसते.

नकाशा वाचताना

याच नकाशावर रस्त्यावर बाणाच्या टोकासारख्या खुणा असतात. एक खूण म्हणजे ५ ते ९ टक्के चढ, दोन म्हणजे ९ ते १३ आणि तीन म्हणजे त्याहून जास्त. टोक चढाच्या दिशेला असतं. एका खुणेचा रस्ता नीट भरलेल्या कॅरॅव्हॅनला चालतो. दोन खुणा असतील तर अंतर किती आणि वळणं किती ते आधी तपासा. तीन खुणांचा रस्ता सोडून द्या. रंगही पाहा: लाल आणि पिवळे रस्ते ठीक, पांढरे फक्त कॅम्पिंगपर्यंतच्या शेवटच्या टप्प्यापुरते.

फोनवरच्या साध्या नकाशाला तुमच्या मागे काय आहे हे माहीत नसतं. चार मिनिटं वाचवायला तो तुम्हाला पांढऱ्या रस्त्यावर, तिथून गावातल्या दगडी कमानीखाली नेतो. लांबी, रुंदी, उंची आणि वजन भरता येईल असा कॅरॅव्हॅनसाठीचा नॅव्हिगेटर वापरा आणि तरीही आदल्या रात्री मार्ग कागदी नकाशावर बोटाने फिरवून पाहा. पॅरिसजवळ तर हे हवंच: ए ८६ चा ड्युप्लेक्स बोगदा फक्त २ मीटरपेक्षा कमी उंचीच्या गाड्यांसाठी आहे. खरं तर पॅरिस टाळलेलंच बरं. कॅलेहून येणाऱ्यांना ए १६, मग आबव्हीलपासून ए २८ ने रुआँ, पुढे एव्रो, द्रो आणि शार्त्रवरून ओर्लेआँ हा मार्ग सोयीचा.

बहुतेकांसाठी उत्तर एकच : ए ७५

ओर्लेआँहून ए ७१ ने क्लेरमाँ-फेराँ गाठलं, की तिथून बेझियेपर्यंत सुमारे ३४० किलोमीटरचा ए ७५ लागतो. मासिफ सांत्रालचं पठार ओलांडणारा हा महामार्ग मियोचा पूल सोडला तर पूर्ण फुकट आहे. चांगली रुंदी, लांब सरळ चढ आणि दोन्ही बाजूंना ज्वालामुखींचे डोंगर, कुरणं, दऱ्या हे सगळं एकत्र देणारा दुसरा रस्ता फ्रान्समध्ये क्वचितच सापडेल. ऱ्होन खोऱ्यातला ए ७ नकाशावर जवळचा वाटतो, पण उन्हाळ्यात तो तुंबतो आणि मिस्त्राल हा जोरदार उत्तरी वारा सुटला की कॅरॅव्हॅन हेलकावते.

इथले चढ लांब आहेत. मासियाकनंतर रस्ता फाजोल खिंडीच्या १,११४ मीटरवर चढतो. सेंट-फ्लूर ओलांडल्यावर गाराबीचा लाल लोखंडी रेल्वेपूल दिसतो. आयफेलच्या कंपनीने १८८० च्या दशकात बांधलेला हा पूल नदीपासून सुमारे १२२ मीटर उंच आहे आणि त्याच्याजवळ महामार्गाचाच थांबा आहे. चालवणाऱ्यालाही काही बघू द्यायचं असेल तर इथे थांबा. पुढे १,१२१ मीटरवरची इसार्ते खिंड हा या रस्त्याचा सर्वांत उंच बिंदू. तिथून रस्ता लो नदीच्या खोऱ्यात उतरतो आणि पुन्हा चढतो.

मियोला टोल वाचवण्यासाठी जुन्या रस्त्याने गावात उतरू नका. तार्न नदीच्या खोल दरीत उतरायचं, गावातून जायचं आणि पलीकडे तेवढंच चढायचं; टोलचे वाचलेले पैसे डिझेल आणि ब्रेक यांतच जातात. डिसेंबर २००४ मध्ये खुला झालेला हा पूल २,४६० मीटर लांब आहे, त्याचा सर्वांत उंच खांब ३४३ मीटरवर पोचतो आणि कडेला वारा अडवणारे पडदे आहेत. उत्तर टोकाच्या थांब्यावरून पूल दिसतो, पण ऑगस्टमध्ये दुपारी मोठ्या गाड्यांच्या जागा भरलेल्या असतात. सकाळी दहाच्या आत पोचा.

मुक्काम मियोच्या आसपास, तार्नकाठच्या कॅम्पिंगवर करा. डी ९०७ ने ल रोझिएपर्यंत कॅरॅव्हॅनने जाता येतं. तिथून सेंत-एनिमीकडे जाणारा डी ९०७ बी अरुंद आहे, खडक रस्त्यावर झुकलेले आहेत. तो मोकळ्या गाडीनेच करा. रोकफोर चीजची तळघरंही इथून जवळ आहेत.

मियोनंतर लार्झाकचं उघडं पठार आणि मग पा द लेस्कालेतची उतरण. दोन्ही बाजूंना कडे, मध्ये रस्ता, खाली लोदेव्ह. या प्रवासात ब्रेकची खरी परीक्षा इथेच.

उतार : काय बिघडतं आणि का

कॅरॅव्हॅनचा ब्रेक बहुधा धक्क्यावर चालतो. गाडी मंद झाली की कॅरॅव्हॅन हूक पुढे दाबते आणि त्या दाबाने तिच्या चाकांचे ब्रेक लागतात. म्हणजे तुम्ही पूर्ण उतारभर पाय पेडलवर ठेवलात, तर गाडीचे आणि कॅरॅव्हॅनचे असे दोन्ही ब्रेक सतत घासत राहतात, तापतात आणि पकड सोडतात. उतार सुरू होण्याआधीच वेग कमी करा, चढायला जो गिअर लागला असता तोच टाका आणि इंजिनाला गाडी धरू द्या. वेग वाढला तर ब्रेक ठामपणे पण थोडा वेळ दाबा, मग पूर्ण सोडा. जळका वास आला की पुढच्या थांब्यावर अर्धा तास थांबा. चाकाच्या रिमला हात लावू नका, जवळ नेऊन ऊब पाहा.

कॅरॅव्हॅन शेपटीसारखी हलू लागली तर ब्रेक जोरात दाबू नका, स्टिअरिंगने भांडू नका. ते सरळ धरून पाय ॲक्सिलरेटरवरून काढा. मूळ कारण बहुतेक वेळा सामानात असतं: मागच्या टोकाला जड वस्तू आणि हुकावर कमी भार. हुकावरचा भार कॅरॅव्हॅनच्या भरलेल्या वजनाच्या ५ ते ७ टक्के ठेवा, पण गाडीच्या आणि हुकाच्या मर्यादेपलीकडे नेऊ नका. १,३०० किलोच्या कॅरॅव्हॅनला साधारण ६५ ते ९० किलो. तंबू, पाण्याचे कॅन, खाण्याचे डबे असं जड सामान चाकांच्या अॅक्सलवर, जमिनीलगत.

नियम आणि पाट्या

गाडी आणि कॅरॅव्हॅन मिळून अनुमत कमाल वजन ३.५ टनांपर्यंत असेल तर कारचेच वेग लागू होतात: महामार्गावर ताशी १३० किलोमीटर, पावसात ११०. अर्थात १३० कोणी करू नये; ९० ते १०० पुरे. ३.५ टनांच्या वर महामार्गावर ९० आणि साध्या रस्त्यावर ८० ही मर्यादा आहे. जोडीची लांबी ७ मीटरपेक्षा जास्त असेल, आणि ती असतेच, तर एका दिशेला तीन किंवा जास्त मार्गिका असताना फक्त उजवीकडच्या दोन वापरायच्या. गावाबाहेर पुढच्या लांब वाहनापासून किमान ५० मीटर अंतर ठेवायचं.

टोलवर एकूण उंची २ ते ३ मीटर असलेली जोडी दुसऱ्या वर्गात येते. छतावर एसी किंवा पेटी असेल तर निघण्याआधी टेपने मोजा. ३ मीटर गाठले की दर चढतो. २ मीटर उंचीची पाटी असलेल्या रांगेत शिरू नका.

शहरात ‘सांत्र व्हील’ ही मध्यवस्तीची पाटी टाळा. ‘तूत दिरेक्स्याँ’ म्हणजे सर्व दिशा, आणि ‘प्वा लूर’ म्हणजे ट्रक. या पाट्यांमागे जा. ट्रक जातो तिथे कॅरॅव्हॅन अडत नाही. बाजाराच्या दिवशी गावाचा चौक बंद असतो, तेव्हा आदल्या मुक्कामीच तो वार विचारून घ्या.

ब्रिटनमधून येणाऱ्या मराठी मंडळींनी एक लक्षात ठेवावं: ब्रिटिश कॅरॅव्हॅनचं दार डाव्या बाजूला असतं आणि फ्रान्समध्ये ती बाजू वाहतुकीकडे येते. रस्त्याच्या कडेला थांबून मुलांना चहा-पोह्यांसाठी आत सोडणं टाळा, थांब्यातच शिरा.

दिवसाचं गणित

महामार्गावर थांबे धरून ताशी ७० आणि डी रस्त्यांवर ताशी ४५ ते ५० किलोमीटरच धरा. दिवसाला २५० ते ३०० किलोमीटर पुरतात. कॅम्पिंगची कचेरी दुपारी १२ ते २ बऱ्याच ठिकाणी बंद असते, तर तीनच्या सुमारास पोचा. नगरपालिकेच्या स्वस्त कॅम्पिंगवर दोन अॅक्सलच्या कॅरॅव्हॅनला कधीकधी मनाई असते. आधी फोन करा. इंधन आदल्या संध्याकाळी कॅरॅव्हॅन सोडून सुपरमार्केटच्या पंपावर भरा. तिथे स्वस्त मिळतं, पण छत ठेंगणं आणि वळण आखूड असतं. बिझों फ्यूते ही सरकारी वाहतूकसेवा प्रत्येक दिवसाला हिरवा, केशरी, लाल किंवा काळा रंग देते. जुलैअखेर आणि ऑगस्टच्या सुरुवातीच्या शनिवारी निघू नका, मंगळवार-बुधवार गाठा. जून आणि सप्टेंबर तर उत्तमच.

आल्प्स हवेच असतील तर

ग्रनोब्लहून दक्षिणेला ए ५१ आणि मग डी १०७५ ने सुमारे १,१८० मीटरची क्र्वा-ओत खिंड ओलांडून सिस्तरोंला जा. चढ सौम्य आहे आणि क्लेल परिसरातून मों एग्वीचा ताठ कडा दिसतो. प्रसिद्ध रूट नापोलेओं, म्हणजे एन ८५, परतीला उत्तरेकडे घेऊ नका. लाफ्रेपासून व्हिझीपर्यंतच्या तिच्या उतारावर बसचे अनेक भीषण अपघात झाले आहेत. जुलै २००७ मध्ये पोलंडच्या यात्रेकरूंच्या बसमधले २६ जण तिथे मृत्युमुखी पडले. परततानाही डी १०७५ च घ्या.