‘खात्रीने किमान किती?’ : सीसॅटमधील ज्या प्रश्नात मी फसलो

सीसॅटमध्ये, म्हणजे नागरी सेवा पूर्वपरीक्षेच्या कल-चाचणीच्या पेपरात, पात्र ठरण्यासाठी २०० पैकी ६६ गुण लागतात; पहिल्या प्रयत्नात मला ६४.१७ मिळाले. चुकलेल्या दहा उत्तरांपैकी एक जरी बरोबर आले असते तरी मी पात्र ठरलो असतो, आणि त्या दहांतला एक प्रश्न ‘खात्रीने किमान किती’ या प्रकारचा होता, ही गोष्ट आजही मनातून जात नाही.

हवे ते नक्की मिळण्यासाठी न पाहता किमान किती वस्तू काढाव्या लागतील, असे या प्रकारात विचारतात. त्याचे तत्त्व आपणा सर्वांना ठाऊक असते. नशीब शेवटपर्यंत वाकडेच राहील असे धरायचे, जास्तीत जास्त किती वस्तू काढूनही काम होणार नाही ते मोजायचे आणि त्यात एक मिळवायचा. मला मात्र क्लासमध्ये याचे तयार सूत्र मिळाले होते: हव्या असलेल्या संख्येतून एक वजा करा, रंगांच्या संख्येने गुणा, एक मिळवा.

समजा, पिशवीत १० लाल, ८ निळे, ३ पिवळे आणि २ पांढरे चेंडू आहेत. एकाच रंगाचे ५ चेंडू खात्रीने मिळण्यासाठी न पाहता किमान किती काढावे लागतील? सूत्राने उत्तर येते १७. पण पिवळे तीनच असताना चार पिवळे येणार कुठून? नशीब कितीही वाकडे असले, तरी पिशवीत नसलेला चेंडू ते हातात देऊ शकत नाही. म्हणून प्रत्येक रंगापुढे दोन आकडे लिहावेत, पिशवीत किती आहेत आणि अट पूर्ण न होता किती चालतील, आणि त्यांतला लहान घ्यावा: ४, ४, ३, २. बेरीज १३, चौदावा चेंडू लाल किंवा निळाच येणार. उत्तर १४. पर्यायांत १७ दिसला की शंकासुद्धा येत नाही, आणि तिथेच घात होतो.

शेकडेवारीत शॉर्टकट जरूर वापरावेत, इथे मुळीच वापरू नयेत, असे माझे ठाम मत आहे. सूत्र देणाऱ्या शिक्षकांपेक्षा मला खोलीवरच्या एका दादाचा उपयोग अधिक झाला, कारण तो एकच प्रश्न विचारी: “तुझे उत्तर १७ ना? मग अट पूर्ण न होणारे १६ चेंडू लिहून दाखव.” ते लिहिताच येत नाहीत; १३ मात्र येतात.

प्रश्नातला शब्द बदलला की मोजणीही बदलते. त्याच पिशवीतून २ लालच हवे असतील, तर बाकीचे सगळे १३ आधी निघतील, म्हणून उत्तर १५. प्रत्येक रंगाचा किमान एक हवा असेल, तर सर्वांत कमी असलेला पांढरा शेवटी येईल, म्हणून २२. घाबरण्यासारखे यात काही नाही, गणित पाचवीतल्या बेरजेपलीकडचे नाही. रोज दोन उदाहरणे केली, तर महिन्याभरात हात बसतो. फक्त हातमोजे आले की जपावे: काळ्यांचे ५ आणि तपकिरींचे ४ जोड असतील आणि एका रंगाचा एक जोड खात्रीने हवा असेल, तर पायमोज्यांसारखे (तिथे दोनच रंग, म्हणून तिसऱ्याला जोड जमतो) उत्तर ३ येत नाही, कारण नऊच्या नऊ डाव्या हाताचे निघू शकतात, आणि जोड जमतो तो दहाव्याला.