धुक्यात रडारवरचा ठिपका: ‘आंद्रेआ दोरिया’ची चूक टाळायची कशी

२५ जुलै १९५६ च्या रात्री अमेरिकेच्या नँटकेट बेटाजवळच्या धुक्यात ‘आंद्रेआ दोरिया’ आणि ‘स्टॉकहोम’ ही दोन्ही प्रवासी जहाजं एकमेकांना रडारवर बघत होती. तरीही धडकली. ‘दोरिया’ला समोरचा ठिपका १७ मैलांवर, नाकाच्या उजवीकडे ४ अंशांवर दिसला होता, कागदावर मात्र कुणी मांडला नाही.

तुम्ही मांडा. दर ३ मिनिटांनी अंतर आणि दिशा घेऊन प्लॉटिंग शीटवर (रडारची वाचनं मांडायच्या कागदावर) टिंब द्या, शेजारी वेळ लिहा. दिशा नाकापासून मोजत असाल तर त्याच क्षणी सुकाणीला हेडिंग, म्हणजे नाक नेमकं कुठल्या दिशेला आहे ते, विचारा. जहाजाचं नाक २-३ अंश इकडेतिकडे होतच असतं, आणि ४ अंशांच्या वाचनात तेवढी चूक म्हणजे वाचन फुकट.

तीन टिंबं झाली की त्यांतून रेघ ओढून पुढे न्या. शीटच्या मध्यापासून, म्हणजे आपल्या जहाजापासून, तिच्यावर लंब टाका: तोच सीपीए, दोघांमधलं सर्वांत कमी अंतर. रेघ मध्यातूनच गेली तर टक्कर ठरलेली.

कागदाआधीची झटपट परीक्षाही आहे. समोरून येणारं जहाज बाजूने सुटणार असेल तर कोन उघडत जातो. १७ मैलांवर ४ अंश, तर साडेआठवर ८ आणि सव्वाचारवर १६ दिसायलाच हवेत. कोन तसाच राहिला तर पुढच्या टिंबाची वाट बघू नका. ‘दोरिया’चा वेग २१.८ नॉट (ताशी सागरी मैल), ‘स्टॉकहोम’चा सुमारे १८. दर ३ मिनिटांना २ मैल संपत होते.

वळायचं तर ठसठशीत, निदान ३० अंश, आणि तेही उजवीकडे. समोरच्या जहाजाला आपण मागून गाठून पुढे जात नसू तर धुक्यात डावीकडे वळणं टाळायचं, हा टक्कर टाळण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांतला आजचा १९ वा नियम. ‘दोरिया’ साडेतीन मैलांवर डावीकडे वळली, तेही ४ अंश! एवढं वळण समोरच्याच्या रडारवर कळतच नाही. तिकडे ‘स्टॉकहोम’ उजवीकडे वळली.

वेग आधीच उतरवा, भोंगा दर २ मिनिटांच्या आत द्या.

आणि ‘दोरिया’सारखं, न्यूयॉर्क जवळ आलं म्हणून इंधनाच्या रिकाम्या टाक्या तशाच ठेवू नका. स्टॅबिलिटी बुकाप्रमाणे (जहाजाचा तोल राखायच्या सूचनांच्या पुस्तकाप्रमाणे) पाणी भरा. ‘दोरिया’च्या उजव्या टाक्यांत समुद्र शिरला, डाव्या हवेनेच भरलेल्या राहिल्या. जहाज इतकं कललं की डावीकडच्या ८ बोटी, म्हणजे निम्म्या, उतरवताच आल्या नाहीत.