आफ्रिकन टँक: कोणता मासा कोणासोबत नांदतो

'आफ्रिकन' एवढ्या एका पाटीवर मासे निवडले की टँक बिघडलाच म्हणून समजा. मलावी सरोवरातला पिवळा लॅबिडोक्रोमिस आणि काँगो नदीतला काँगो टेट्रा, दोघेही आफ्रिकेचेच. पण पहिल्याला ७.८ ते ८.६ पीएचचं जड (क्षार जास्त असलेलं) पाणी लागतं आणि दुसरा ६ ते ७ पीएचच्या मृदू पाण्यात खुलतो. म्हणून निवडीचा क्रम असा ठेवावा: आधी पाणी, मग खाणं, मग स्वभाव आणि नर-मादीचं प्रमाण. रंग सगळ्यात शेवटी. बहुतेक जण नेमके उलटे जातात.

पाणी

नळाचं पाणी बादलीत भरून २४ तास उघडं ठेवा आणि मग पीएच व केएच (कार्बोनेटची कठीणता, जी पीएच स्थिर ठेवते) मोजा. ताज्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असेल तर पीएच कमी दिसतो आणि अंदाज चुकतो. केएच ६ अंशांच्या वर आला तर सरोवरातले सिक्लिड (लॅबिडोक्रोमिस ज्यातला, ते माशांचं कुळ) सोपे जातील. ३-४ च्या खाली आला तर नदीतले मासे.

मृदू पाणी जड करणं सोपं आहे. ५० लिटरमागे ६ ग्रॅम खायचा सोडा टाकला की केएच साधारण ४ अंशांनी वाढतो. मात्र तो बदलायच्या नव्या पाण्यात आधी विरघळवून घ्यायचा, टँकमध्ये थेट ओतायचा नाही. पीएच हळूहळू वाढलेला माशांना चालतो, एका तासात उडी मारलेला चालत नाही. तळाला अ‍ॅरागोनाइटची (चुनखडीच्या खनिजाची) वाळू किंवा फिल्टरमध्ये प्रवाळाच्या चुऱ्याची पिशवी ठेवली तर पुढची घसरण थांबते. उलट, जड पाणी मृदू करायचं तर दर आठवड्याला आरओचं पाणी मिसळत बसावं लागतं, तेही कायमचं.

जड पाण्याची एक मेख आहे. २६ अंश तापमानाला ७ पीएचच्या पाण्यात एकूण अमोनियापैकी अर्ध्या टक्क्याच्या आसपासच विषारी रूपात असतो, ८.४ पीएचला तेच प्रमाण १३ टक्क्यांच्या घरात जातं. त्यामुळे नायट्रोजन चक्र (फिल्टरमधले जीवाणू अमोनियाचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात ते) पूर्ण न झालेल्या टँकमध्ये टेट्रा कदाचित निभावतील, मलावीचे मासे मरतील. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आल्याशिवाय एकही मासा सोडू नका.

एम्बुना: खडकातले भांडखोर

मलावीच्या काठावरच्या टोंगा लोकांच्या भाषेत खडकात राहणाऱ्या माशांना 'एम्बुना' म्हणतात. खडकावरचं शेवाळ आणि त्यातले बारीक जीव खरवडून खाणं हा यांचा दिवसभराचा उद्योग, त्यामुळे आतडं लांब असतं. बीफ हार्टसारखं (गुरांच्या हृदयाचं) मांसाचं खाणं त्यांना पचत नाही. मासा खाणं तोंडात घेऊन थुंकायला लागतो, विष्ठा पांढरी दोऱ्यासारखी लोंबते आणि मग पोट फुगतं. हाच 'मलावी ब्लोट'. पोट फुगल्यावर मासा क्वचितच वाचतो, म्हणून थुंकणं दिसताच खाणं बंद करून पाणी तपासा. रोजचं खाणं स्पिरुलिनाचे (एक प्रकारच्या शेवाळाचे) फ्लेक्स किंवा बारीक पेलेट, दोनदा, अर्ध्या मिनिटात संपेल इतकंच.

टँक किमान चार फुटी हवा: १२० × ४५ × ४५ सेंटिमीटर. हिशेबाने तो २४३ लिटरचा, पण खडक-वाळू जाऊन पाणी २०० लिटरच्या आसपास उरतं. नर एखादी कपार धरतो आणि आपल्यासारख्या रंगाचा-पट्ट्यांचा मासा दिसला की तुटून पडतो. त्याच्या लेखी तो प्रतिस्पर्धी. म्हणून जाती एकमेकींपासून स्पष्ट वेगळ्या दिसणाऱ्या पण तापटपणात बरोबरीच्या घ्यायच्या. या टँकसाठी एक चालणारी यादी:

पिवळा लॅबिडोक्रोमिस ५ (१ नर, ४ माद्या)
रस्टी, म्हणजे आयोडोट्रोफियस स्प्रेंगेरी ५ (१ नर, ४ माद्या)
सिनोटिलापिया झेब्रॉइडिस ६ (१ नर, ५ माद्या)
सिनोडोंटिस पेट्रिकोला ४

पिवळा, तपकिरी-जांभळा आणि निळ्यावर काळे पट्टे, म्हणजे कोणी कोणाला आपला समजत नाही. पेट्रिकोला हा टांगानिका सरोवरातला कॅटफिश, पण या पाण्यात मजेत राहतो.

वीस मासे जास्त वाटतील, पण मुद्दामच दाटी करायची असते. सहाच मासे ठेवले तर सगळ्यात दांडगा नर एकाच्याच मागे लागून त्याला संपवतो. वीस असले की मार वाटला जातो. त्याची किंमत फिल्टर मोजतो: तासाला पाण्याच्या सहा ते आठ पट प्रवाह आणि आठवड्याला ३०-४० टक्के पाणी बदल, त्यात सूट नाही.

काही एम्बुनांची नावं मोहात पाडतात, तिथे हात आखडता घ्यावा. ऑरॅटस लहानपणी सोनेरी-काळा, देखणा असतो. मोठा नर काळपट होतो आणि चार फुटांत कोणाला जगू देत नाही. केनयीचंही तेच, शिवाय त्यात नर पिवळा आणि माद्या निळ्या, त्यामुळे खरेदीत गल्लत होते. डेमासोनी ठेवायचे तर बारा-पंधरा, नाहीतर एकही नको: चार-पाच असले की एकेक करून एकच उरतो. लाल झेब्रा आणि पिवळा लॅबिडोक्रोमिस सहज संकर करतात, तेव्हा दोघांपैकी एकच.

नर-मादी ओळखताना गुदपराजवळच्या (पोटाखालच्या मागच्या पराजवळच्या) अंड्यासारख्या पिवळ्या ठिपक्यांवर जाऊ नका, ते माद्यांनाही असतात. मासा ५-६ सेंटिमीटरचा झाला की हात ओला करून तो तळव्यावर उताणा धरा आणि पोटाच्या मागच्या टोकाशी पाहा. तिथे दोन छिद्रं दिसतात. दोन्ही जवळपास सारखी, बारीक असतील तर नर. शेपटीकडचं छिद्र ठळक मोठं आणि रुंद असेल तर मादी. दहा सेकंदांत मासा परत पाण्यात. जमत नसेल तर प्रत्येक जातीची आठ-दहा पिल्लं घेऊन वाढवावी आणि जादा नर नंतर काढावे.

खडक वाळूवर नाही, थेट तळाच्या काचेवर रचायचे आणि मग भोवती वाळू भरायची. हे मासे वाळू उपसतात. वाळूवर उभा केलेला दगड एक दिवस काचेवर येतो.

सगळे मासे शक्यतो एकदम सोडा. नंतर नवीन आणायचा असेल तर तीन-चार आठवडे वेगळा ठेवून, मग सोडायच्या आधी खडकांची मांडणी मोडून पुन्हा रचा. जुन्यांच्या हद्दी पुसल्या जातात आणि सगळेच नव्याने जागा शोधू लागतात. दिवे विझवून सोडलेलं बरं. दुसऱ्या दिवशी हीटरच्या किंवा फिल्टरच्या पाइपच्या मागे, पृष्ठभागाशी, तिरका लटकलेला मासा दिसला आणि त्याची शेपूट चिरलेली असली, तर 'जुळवून घेईल' म्हणून थांबू नका. तो त्याच दिवशी बाहेर काढायचा.

मलावीचेच, पण वेगळे

पीकॉक, म्हणजे ऑलोनोकारा, एम्बुनांसोबत ठेवायचा नाही. तो वाळूतले जीव डोक्यावरच्या संवेदक छिद्रांनी हेरून टिपतो, त्याला प्रथिनांचं खाणं लागतं आणि एम्बुनाच्या धक्काबुक्कीत त्याचा रंगच उतरतो. वेगवेगळ्या पीकॉकच्या माद्या एकसारख्या करड्या दिसतात, म्हणून एका टँकमध्ये एकाच जातीच्या माद्या ठेवा किंवा सरळ सगळे नर, प्रत्येक जातीचा एकेक. मलावीचाच व्हीनस्टस मात्र २५ सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि तोंडात मावेल ते गिळतो.

टांगानिका

या सरोवराच्या पाण्याचा पीएच ८.६ ते ९.२. इथे मासे टँकचे मजले वाटून घेतात: वाळूवर रिकाम्या शंखांत ऑसेलाटस, खडकात ज्युलिडोक्रोमिसची एकच जोडी, वरच्या मोकळ्या पाण्यात आठ-दहा सिप्रिक्रोमिस. ब्रिकार्डी हा इथलाच सिक्लिड सोडला तर त्याचं कुटुंब वाढत जाऊन बाकीच्यांना कोपऱ्यात ढकलतं.

नदीतले

मृदू पाण्याचा टँक शांत असतो, झाडंही टिकतात. अनुबियास आणि बोल्बायटिस लाकडाला बांधून ठेवा. त्यांचा आडवा कंद वाळूत गाडला तर तो सडतो. चार फुटात आठ काँगो टेट्रा, क्रिबेन्सिसची एक जोडी आणि पोट वर करून पोहणारे चार सिनोडोंटिस निग्रिवेंट्रिस. तापमान २४ ते २७ अंश. क्रिबेन्सिसने अंडी घातली की टँकचा एक कोपरा बाकीच्यांना बंद, तेव्हा त्यांची गुहा एका टोकाला ठेवा, मधोमध नाही. ज्वेल सिक्लिड यात नको, अंडी राखताना तो टेट्रांना फाडतो. बटरफ्लाय फिश घेतला तर झाकणाला हीटरच्या वायरीपेक्षा मोठी फट ठेवू नका, तो उडी मारतोच.