नळीचा पीळ पाहून गोळी निवडा: लहान कॅलिबरच्या शिकारी रायफलींसाठी

१९५५ साली अमेरिकेत दोन नवी शिकारी काडतुसं बाजारात आली, विंचेस्टरचं .२४३ आणि रेमिंग्टनचं .२४४. गोळीचा व्यास दोन्हींत एकच, .२४३ इंच. फरक होता तो नळीच्या पिळात, म्हणजे गोळीला फिरवणाऱ्या आतल्या खाचांच्या वळणात. विंचेस्टरच्या नळीत गोळी १० इंचांत एक फेरा घेई, रेमिंग्टनच्या नळीत १२ इंचांत. रेमिंग्टनने हिशेब धरला होता ७५ आणि ९० ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळ्यांचा, म्हणजे मुख्यतः प्रेअरी डॉग, ग्राउंडहॉग अशा लहान प्राण्यांचा. गिऱ्हाइकाला मात्र त्याच रायफलीवर हरणही मारायचं होतं आणि त्यासाठी १०० ग्रेनची टोकदार गोळी हवी होती. विंचेस्टरची नळी ती गोळी नीट सांभाळायची; .२४४ बद्दल तशी खात्री कुणी देईना. १९६३ मध्ये रेमिंग्टनने तेच काडतूस ९ इंचांचा पीळ देऊन '६ मिमी रेमिंग्टन' या नावाने पुन्हा आणलं, पण तोवर लोक .२४३ कडे वळले होते.

एका मोठ्या कंपनीला जे महागात पडलं, तेच आजही दुकानात उभ्या असलेल्या शिकाऱ्याच्या बाबतीत घडतं. तो खोक्यावर कॅलिबर (गोळीचा व्यास) पाहतो, वजन पाहतो आणि पैसे देतो. नळीला मात्र गोळीच्या वजनाशी फारसं घेणंदेणं नसतं, तिला पाहायची असते गोळीची लांबी. लांब गोळी हवेत सरळ ठेवायला फिरकी जास्त लागते. भोवरा मंदावला की डुलायला लागतो, तसंच. डुलणारी गोळी नेम चुकवते आणि जनावराला नको तिथे लागते. जखमी होऊन झाडीत पळालेलं जनावर ही शिकारीतली सगळ्यात वाईट गोष्ट आहे, म्हणून हे सगळं मोजमाप शिकारीच्या आधी घरी व्हायला हवं.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आहे. त्यामुळे हा लेख अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया अशा देशांत रीतसर परवाना घेऊन शिकार करणाऱ्यांसाठी आहे. तिथेही राज्यागणिक नियम बदलतात. कोलोरॅडोत, उदाहरणार्थ, मोठ्या जनावरासाठी रायफल किमान .२४ कॅलिबरची लागते, म्हणजे .२२३ घेऊन तिथे हरणामागे जाता येत नाही.

आधी नळीचा व्यास

नळीत दोन व्यास असतात. आतल्या उंचवट्यांमधला एक आणि खाचांच्या तळापर्यंतचा दुसरा. .२२ सेंटरफायर (बुडाच्या मधोमध ठोका बसून पेटणाऱ्या काडतुसाच्या) नळीत ते साधारण .२१९ आणि .२२४ इंच असतात, आणि गोळी जुळायची असते ती दुसऱ्याशी. आजच्या .२२३ रेमिंग्टन, .२२-२५० किंवा .२२० स्विफ्टमध्ये .२२४ इंचाचीच गोळी बसते, तिथे प्रश्न येत नाही. घोटाळा होतो तो जुन्या रायफलींत. .२२ हॉर्नेटच्या सुरुवातीच्या काळातल्या नळ्या .२२३ इंचाच्या होत्या आणि त्यांच्यासाठी .२२३ इंचाच्या गोळ्या वेगळ्या निघतात. १९१२ चं .२२ सॅवेज हाय पॉवर, ज्याला युरोपात ५.६×५२आर म्हणतात, त्याला तर .२२७-.२२८ इंचाची जाड गोळी लागते. त्यात .२२४ ची गोळी सैल जाते आणि कुठेही लागते. उलट, जाड गोळी बारीक नळीत घातली तर दाब धोक्याच्या पातळीवर जातो. असं कधीही करू नका.

आजोबांच्या काळातली किंवा वापरलेली रायफल हाती आली असेल तर नळीचं माप काढून घ्या. रायफल रिकामी असल्याची दोनदा खात्री करा, बोल्ट काढा. नळीला आतून तेलाचा हलका हात द्या. नळीपेक्षा किंचित जाड असा मऊ, शुद्ध शिशाचा तुकडा तोंडाशी ठेवून लाकडी हातोडीने आत बसवा आणि पितळी दांड्याने हळूहळू पलीकडे ढकला. बाहेर आलेल्या शिशावर नळीचा ठसा उमटलेला असतो. मायक्रोमीटरने त्याचा सर्वांत मोठा व्यास मोजा. खाचांची संख्या विषम असेल तर समोरासमोर खाचा येत नाहीत आणि साध्या मायक्रोमीटरने माप कमी भरतं. तेव्हा हे काम गनस्मिथकडे, म्हणजे बंदुकीच्या कारागिराकडे द्या.

मग पीळ

पीळ बऱ्याचदा नळीवर कोरलेला असतो. नसेल तर तो मोजायला दहा मिनिटं पुरतात. मुठीत मोकळा फिरणारा क्लीनिंग रॉड (नळी साफ करायचा दांडा) घ्या, टोकाला घट्ट बसणारी कापडी चिंधी लावा आणि थोडं अंतर आत ढकला. रॉडवर वरच्या बाजूला खूण करा आणि नळीच्या कडेशी दुसरी खूण. आता सावकाश ढकलत राहा. वरची खूण एक पूर्ण फेरा घेऊन पुन्हा वर आली की थांबा आणि रॉड किती इंच आत गेला ते मोजा. १२ इंच भरले तर पीळ १:१२. चिंधी सैल असेल तर ती खाचांवरून घसरते आणि माप चुकतं, म्हणून तीन-चारदा मोजून पाहा.

साधारण अंदाज द्यायचा तर .२२ हॉर्नेटला १:१६, .२२-२५० आणि .२२० स्विफ्टला १:१४, जुन्या बोल्ट अॅक्शन .२२३ ला १:१२, हल्लीच्या .२२३ ला १:९ किंवा १:८, आणि २०१८ च्या .२२४ व्हॅल्कीरीला १:७. पण .२२३ मध्ये इतकी विविधता आहे की इतरांच्या रायफलीवरून आपल्या रायफलीचा अंदाज बांधू नये.

गोळीची लांबी आणि थोडं गणित

कॅलिपरने गोळीची लांबी घ्या. इथे इंग्रज गणितज्ञ ग्रीनहिल यांचं १८७९ चं सूत्र अजूनही उपयोगी पडतं: व्यासाचा वर्ग गुणिले १५०, भागिले लांबी. सगळी मापं इंचांत, उत्तर म्हणजे लागणारा पीळ. सेकंदाला २८०० फुटांहून जास्त वेग असेल तर १५० च्या जागी १८० धरतात. .२२४ इंचाच्या वेगवान गोळीसाठी वरचा आकडा जवळपास ९.०३ येतो, त्याला लांबीने भागायचं. ५५ ग्रेनची साधी, सपाट बुडाची गोळी सुमारे .७३५ इंच लांब, उत्तर १२.३, म्हणजे १:१२ पुरतो. ६९ ग्रेनची लक्ष्यवेधी गोळी सुमारे .९ इंच, उत्तर १०, तिला १:९ द्यावा. ७७ ग्रेनची जवळजवळ एक इंचाची असते, उत्तर ९.१ येतं, पण तिथे मी १:८ पेक्षा मंद पीळ (म्हणजे मोठा आकडा) घेणार नाही, कारण हे सूत्र काठावरचं उत्तर देतं.

काठावर राहणं किती धोक्याचं, हे अमेरिकी लष्कराच्या एम-१६ रायफलीने दाखवून दिलं. सुरुवातीच्या नळ्यांचा पीळ १:१४ होता आणि गोळी ५५ ग्रेनची. उबदार हवेत ती चालून जाई. ध्रुवीय थंडीतल्या चाचण्यांत मात्र नेम बिघडला, कारण थंड हवा दाट असते आणि गोळीला जास्त ढकलते. १९६३ मध्ये पीळ १:१२ करावा लागला. गोळीची स्थिरता काढणाऱ्या डॉन मिलर यांच्या २००५ च्या सूत्रात घालून पाहिलं तर कारण आकड्यांत दिसतं: अशी गोळी १:१४ मध्ये स्थिरतेचा अंक जेमतेम १ गाठते, १:१२ मध्ये १.४ च्या आसपास जाते. १ च्या खाली गोळी उलटते. १.५ असेल तर निश्चिंत राहावं. मिलर सूत्रासाठी इंटरनेटवर तयार गणकयंत्रं आहेत, त्यांत हवेचं तापमान आणि समुद्रसपाटीपासूनची उंचीही भरता येते. ती जरूर भरा. डेन्व्हरच्या विरळ हवेत छान चालणारी गोळी समुद्रकिनाऱ्यावर हिवाळ्यात डुलू शकते.

प्लॅस्टिकच्या टोकाची गोळी मोजताना एक ध्यानात ठेवा. त्या टोकाला वजन जवळपास नसतं, त्यामुळे पूर्ण लांबी धरली तर गणित गोळीला आहे त्याहून अस्थिर दाखवतं. अशा वेळी खोक्यावर कंपनीने सुचवलेला पीळ प्रमाण मानावा.

तांब्याच्या गोळ्या

हा भाग आता टाळता येत नाही. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून कोणत्याही वन्यप्राण्याच्या शिकारीसाठी शिशाचं काडतूस चालत नाही. तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते. जी १:१२ नळी शिशाची ५५ ग्रेन सहज फिरवते, ती तांब्याच्या ५५ ग्रेनपुढे थकू शकते. उपाय सोपा आहे: वजन एक पायरी उतरवा, ४५ किंवा ५० ग्रेन घ्या. तांब्याची गोळी जनावरात शिरल्यावर वजन फारसं टाकत नाही, त्यामुळे हलकी घेतल्याने नुकसान होत नाही. शिशाच्या गोळीचं जुनं वजनच हवं म्हणून अडून बसू नका.

पीळ जास्त झाला तर?

चांगल्या जाकिटाच्या (गोळीवरच्या धातूच्या आवरणाच्या) गोळीला जास्त फिरकीने काही होत नाही. पातळ जाकिटाच्या गोळीला होतं. मिनिटाचे फेरे काढायला वेग (सेकंदाला किती फूट) गुणिले ७२०, भागिले पीळ. ३२०० फूट वेगाला १:१२ मध्ये १,९२,००० फेरे, १:७ मध्ये सुमारे ३,२९,०००. हॉर्नेटच्या मंद वेगासाठी बनवलेली नाजूक गोळी एवढ्या फिरकीत हवेतच फुटते आणि कागदावर छिद्रच सापडत नाही. जलद पिळाची .२२३ असेल तर तशा गोळ्या बाजूला ठेवा.

शेवटी कागद

गणिताने दोन-तीन गोळ्या निवडा आणि रेंजवर जा. पांढरा, ताणलेला कागद लावा. आधी २५ यार्डांवर, मग १०० यार्डांवर प्रत्येकी पाच पाच गोळ्या झाडा आणि मधे नळी निवू द्या. छिद्रं गोल हवीत. एखादं लांबट किंवा गोळीच्या बाजूच्या आकाराचं दिसलं तर ती गोळी त्या नळीसाठी बाद, गट, म्हणजे छिद्रांचा झुबका, कितीही चांगला आला तरी. छिद्रं गोल आहेत पण गट पसरलाय, तर दुसऱ्या कंपनीची तेवढ्याच लांबीची गोळी लावून पाहा. शिकार हिवाळ्यात करायची असेल तर ही चाचणी उन्हाळ्यात उरकून मोकळे होऊ नका. थंडीच्या सकाळी तीच गोळी पुन्हा कागदावर लावा. जी पास होईल तिचं नाव, वजन, लांबी आणि चाचणीच्या दिवसाचं तापमान लिहून ती चिठ्ठी रायफलीच्या पेटीत ठेवा.