नॉन-क्रिमिलेअर ‘रिन्यू’ करताय? या चुका टाळा

२०२५ च्या जूनमधली गोष्ट. बारावीचा निकाल लागून गेलेला, इंजिनिअरिंगचे अर्ज सुरू होण्याच्या बेतात. एका मुलीचे वडील सेतू केंद्रात आले, प्लॅस्टिकच्या फाइलमधून लॅमिनेशन केलेला नॉन-क्रिमिलेअर दाखला काढला आणि म्हणाले, “सगळं व्यवस्थित ठेवलंय, साहेब. फक्त अपलोड करा.” दाखला खरंच नव्यासारखा होता. फक्त खालच्या ओळीत लिहिलं होतं, ३१ मार्च २०२५ पर्यंत वैध. ती ओळ त्या घरात कुणी वाचलीच नव्हती.

तालुक्याच्या ठिकाणी अर्ज भरून देण्याचं काम करताना असा माणूस दर आठवड्याला भेटतो आणि प्रत्येक जण एकच शब्द वापरतो: रिन्यू. सगळ्या चुकांचं मूळ मला या शब्दातच दिसतं. नॉन-क्रिमिलेअर, म्हणजे आरक्षण मागणारं कुटुंब मागासवर्गातल्या प्रगत गटात मोडत नाही हे सांगणारा दाखला, रिन्यू होत नाही. जातीचा दाखला एकदा निघाला की जन्मभर चालतो, जात पडताळणीची व्हॅलिडिटीही तशीच. नॉन-क्रिमिलेअर मात्र तुमच्या जातीबद्दल नवीन काही सांगत नाही. ते तुमच्या आई-वडिलांच्या गेल्या तीन वर्षांच्या परिस्थितीबद्दल सांगतं. म्हणून दर वेळी अर्ज नवा, पुरावे नवे, तपासणीही नवी. जुना दाखला जोडला म्हणून काम पुढे सरकत नाही.

तारीख वाचा, पण नीट वाचा

दाखल्याची मुदत काढल्या दिवसापासून मोजत नाहीत. ती आर्थिक वर्षाला बांधलेली असते, म्हणून संपते ती ३१ मार्चलाच. तीन वर्षांच्या उत्पन्नाचे पुरावे दिले तर दाखला जास्तीत जास्त तीन वर्षांसाठी मिळतो, एकाच वर्षाचा पुरावा दिला तर एकाच वर्षासाठी. आता गणित पाहा. एप्रिल २०२५ मध्ये काढलेला तीन वर्षांचा दाखला ३१ मार्च २०२८ पर्यंत चालतो. तोच दोन महिने आधी, फेब्रुवारीत काढला असता तर २०२७ च्या मार्चमध्ये संपला असता. दोन महिन्यांच्या घाईत एक अख्खं वर्ष गेलं. तातडी नसेल तर एप्रिल उजाडू द्यावा, आणि मेअखेर गर्दी व्हायच्या आत अर्ज टाकून मोकळं व्हावं.

राज्याच्या सीईटी कक्षाच्या प्रवेशांना पुढच्या वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत वैध दाखला लागतो. म्हणजे २०२५-२६ च्या प्रवेशासाठी दाखल्यावर किमान ३१ मार्च २०२६ ही तारीख हवी. “आज तर चालू आहे ना” हा हिशेब तिथे उपयोगाचा नाही. नोकरीच्या जाहिरातीत वेगळी अट असू शकते, बहुधा अर्जाच्या शेवटच्या दिनांकाशी जोडलेली. शेवटच्या दिनांकानंतर काढलेला दाखला घेऊन कागदपत्र तपासणीला उभे राहिलेले उमेदवार मी पाहिलेत. त्यांच्याशी काय बोलावं ते सुचत नाही.

राज्याचा आणि केंद्राचा दाखला वेगळा

सगळ्यात महाग पडणारी चूक ही. राज्याच्या नमुन्यातला दाखला आयआयटी, एनआयटीच्या प्रवेशाला किंवा केंद्राच्या नोकरीला चालत नाही. तिथे केंद्राच्या नमुन्यातलं ओबीसी-एनसीएल (नॉन-क्रिमिलेअर) प्रमाणपत्र लागतं. जोसाच्या, म्हणजे आयआयटी-एनआयटीच्या एकत्रित, प्रवेशाला तर ते त्याच वर्षीच्या १ एप्रिलला किंवा त्यानंतर काढलेलं असावं लागतं. राज्याचा तीन वर्षांचा दाखला हातात असला तरी त्यासाठी दर एप्रिलमध्ये पुन्हा अर्ज करावा लागतो.

शिवाय यादीचा प्रश्न आहे. तुमची जात राज्याच्या यादीत आहे म्हणून ती केंद्राच्या यादीत असेलच असं नाही. राज्यात व्हीजेएनटी (विमुक्त जाती-भटक्या जमाती) किंवा एसबीसीमध्ये (विशेष मागास प्रवर्ग) असणारे केंद्राच्या ओबीसी यादीत असतील, तर तिथे ओबीसी म्हणून जातात. २०२४ च्या कायद्याने आलेलं मराठा समाजाचं एसईबीसी आरक्षण फक्त राज्यापुरतं आहे, केंद्रीय संस्थांमध्ये ते चालत नाही. ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) ही तर पूर्ण वेगळी गोष्ट. ते प्रमाणपत्र एकाच आर्थिक वर्षापुरतं असतं, तिथे शेतीसकट सगळं उत्पन्न धरतात आणि केंद्राच्या प्रमाणपत्राला मालमत्तेच्या अटीही लागतात. वार्षिक उत्पन्नाच्या मर्यादेचा आठ लाख हा आकडा दोन्हीकडे सारखा असल्यामुळे घोळ होतो.

आठ लाख, पण कशाचे?

मंडल आयोगाच्या खटल्यात, म्हणजे इंद्रा साहनी प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये इतर मागासवर्गातल्या प्रगत गटाला वगळायला सांगितलं. १९९३ मध्ये केंद्राने त्याचे निकष ठरवले, तेव्हा मर्यादा एक लाखाची होती. वाढत वाढत २०१७ मध्ये ती आठ लाखांवर आली. त्या निकषांमध्ये स्पष्ट लिहिलंय की उत्पन्न मोजताना पगार आणि शेतीचं उत्पन्न त्यात मिळवायचं नाही. सरकारी नोकरांच्या मुलांसाठी पगाराच्या आकड्यापेक्षा पद बघतात: आई किंवा वडील थेट वर्ग एकमध्ये लागलेले आहेत का, दोघंही वर्ग दोनमध्ये आहेत का. त्यामुळे आई-वडील दोघंही जिल्हा परिषदेचे शिक्षक आणि मिळून पगार बारा लाख, तर दाखला मिळणार नाही असं गृहीत धरून अर्जच न करणारी कुटुंबं नुकसान करून घेतात. उलट, काउंटरवर कुणी फक्त एकूण आकडा बघून नाही म्हणालं, तर नियमाचा कागद पुढे ठेवायची तयारी असावी. मर्यादा ओलांडलेली असली तरी ती सलग तीन वर्षं ओलांडली असेल तरच मोजतात, हेही पुष्कळांना माहीत नसतं.

लग्न झालेल्या मुलींचा अर्ज हमखास चुकतो. सासरचं रेशनकार्ड, नवऱ्याचं उत्पन्न, सगळं घेऊन येतात. इथे बघतात ती आई-वडिलांची परिस्थिती. नवऱ्याचं उत्पन्न यात येत नाही. लागतो तो आई-वडिलांच्या उत्पन्नाचा पुरावा, माहेरच्या नावाचा जातीचा दाखला आणि दोन नावं एकाच बाईची आहेत हे दाखवणारं विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्र. नोकरीला लागलेल्या उमेदवाराचंही तेच, त्याचा स्वतःचा पगार मोजत नाहीत.

अर्ज अडकला तर

आपले सरकार पोर्टलवर अर्ज भरताना कॅफेवाल्याने स्वतःचाच मोबाइल नंबर टाकला तर पुढचे सगळे निरोप त्याला जातात. त्रुटी निघाली, पूर्तता मागितली, पंधरा दिवस गेले आणि तुम्ही घरी वाट बघताय. नंबर तुमचाच टाकायला लावा, अर्ज क्रमांक लिहून घ्या आणि आठवड्यातून एकदा स्थिती बघा. दाखल्यावर सही प्रांताधिकाऱ्यांची असते आणि त्याआधी फाइल तहसीलमधली टेबलं फिरून येते. “तहसीलदारांनी तर केलं” म्हणून निर्धास्त होऊ नका. सेवा हक्काच्या मुदतीत काहीच हललं नाही तर २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली अपील करता येतं. अपिलाचा नुसता उल्लेख करूनही फाइल हलते, हा माझा अनुभव.

बऱ्याच त्रुटी साध्याच असतात. स्कॅन केलेला कागद ७५ ते ५०० केबीमध्ये बसत नाही म्हणून तो इतका दाबलेला असतो की तलाठ्याचा शिक्का वाचताच येत नाही. शाळेच्या दाखल्यावर ‘रामचंद्र’ आणि आधारवर ‘रामचंद’. तीनऐवजी एकाच वर्षाचं उत्पन्न जोडलेलं. स्टॅम्प पेपरसाठी पाचशे रुपये कुणी मागत असेल तर देऊ नका. अशा दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक लागत नाही, मार्च २०२५ मध्ये महसूल विभागाने हे पुन्हा स्पष्ट केलंय. आणि अनुसूचित जाती-जमातीच्या पालकांनी या रांगेत उभंच राहू नये. नॉन-क्रिमिलेअर त्यांना लागत नाही, तरी दर जूनला दोन-चार जण येतातच.

त्या मुलीचं पुढे काय झालं? त्याच दिवशी नवा अर्ज टाकला, नोंदणीच्या वेळी पावती अपलोड केली. अशी पावती चालते की नाही हे त्या त्या वर्षाच्या माहितीपुस्तिकेत बघावं लागतं, आणि चालली तरी मूळ दाखला ठरलेल्या तारखेच्या आत द्यावाच लागतो, नाहीतर नाव खुल्या प्रवर्गात जातं. तिचा दाखला वेळेत आला. वडील तो घेऊन लॅमिनेशनला निघाले होते, त्यांना थांबवून मी आधी नाव तपासायला लावलं. मुलीच्या नावात एक वेलांटी ऱ्हस्व पडली होती.