खालच्या लीगमधील इंग्लिश फुटबॉल क्लबचा इतिहास मराठीत कसा लिहावा

गणपतीच्या तोंडावर आमच्या रत्नागिरीकडच्या मंडळांच्या स्मरणिका निघतात, आणि भाट्याच्या वाळूत फुटबॉल खेळणारी मुले लेख लिहायला बसली की हटकून मँचेस्टर किंवा लिव्हरपूल निवडतात. या बड्या क्लबांविषयी नवे सांगण्यासारखे फारसे उरलेले नाही. त्याऐवजी खालच्या लीगमधला एखादा लहान क्लब घ्यावा, कारण त्याच्या इतिहासात वर्गणी, मैदान, कर्ज आणि गावाची इभ्रत हे आपल्या ओळखीचे विषय जागोजागी भेटतात. पुढे उदाहरणादाखल मी ॲक्रिंग्टन स्टॅन्ली हा एकच क्लब घेतला आहे.

लिहिण्यापूर्वी आपण नेमक्या कोणत्या संस्थेविषयी लिहीत आहोत हे ठरवावे. ॲक्रिंग्टन हे लँकशायरमधले कापूस गिरण्यांचे गाव. आपल्या आजोबा-पणजोबांनी परळ-लालबागला जे गिरणगाव पाहिले, त्याच जातकुळीचे. १८८८ साली फुटबॉल लीग स्थापन करणाऱ्या १२ क्लबांमध्ये ‘ॲक्रिंग्टन’ हे नाव आढळते आणि तिथेच बहुतेकांची फसगत होते. तो क्लब निराळा होता. १८९३ साली तो लीगमधून बाहेर पडला आणि १८९६ साली संपला. स्टॅन्ली स्ट्रीटवरून नाव पडलेला स्टॅन्ली क्लब १८९१ चा. तो १९२१ मध्ये थर्ड डिव्हिजन नॉर्थ (तिसऱ्या स्तराचा उत्तरेकडचा गट) सुरू झाली तेव्हा लीगमध्ये आला आणि १९६६ साली बंद झाला. आज खेळतो तो त्याच नावाचा दुसरा संसार, १९६८ मध्ये स्थापन झालेला आणि १९७० पासून क्राउन ग्राउंडवर मैदानात उतरलेला. जुना क्लब मात्र पील पार्कवर खेळत असे.

मग स्थापनेचे वर्ष कोणते लिहायचे? कमानीवर आणि टी-शर्टावर ‘स्थापना’ छापण्याची हौस आपल्या मंडळांनाही आहे, त्यामुळे हा प्रश्न आपल्याला नवा नाही. जांभ्याच्या जुन्या भिंती पाडून देवळाचा जीर्णोद्धार केला तरी गावाला देऊळ तेच वाटते. पण बांधकामाचा हिशेब लिहिणाऱ्याने नव्या भिंतींचे साल जुने म्हणून लिहू नये. माझ्या मते दोन्ही वर्षे द्यावीत, मधला खंड स्पष्ट दाखवावा आणि ‘तोच क्लब’ हा लोकांचा दावा लोकांचा म्हणूनच नोंदवावा. अशा क्लबच्या इतिहासात खंड हाच सर्वांत बोलका भाग असतो, आणि नेमका तोच गुळगुळीत करून टाकण्याचा मोह लेखकाला होतो.

त्या खंडाला लेखात ऐसपैस जागा द्यावी. स्टॅन्लीचे उदाहरण पाहा. १९५८ साली क्लबने ऑल्डरशॉटच्या लष्करी सोहळ्यासाठी वापरलेला प्रेक्षकांचा स्टँड विकत घेतला. त्याच्या किमतीपेक्षा तो आणून उभा करण्याचा खर्च कितीतरी पटींनी जास्त झाला. कर्ज वाढत गेले आणि संघ चौथ्या डिव्हिजनमध्ये घसरला. २ मार्च १९६२ रोजी क्रू अलेक्झांड्राविरुद्ध ४-० असा पराभव झाला, तो जुन्या क्लबचा लीगमधला शेवटचा सामना ठरला. त्याच महिन्यात क्लबने राजीनामा पाठवला आणि नंतर तो मागे घेण्याचा प्रयत्न केला, परंतु लीगचे सचिव ॲलन हार्डेकर यांनी ते मान्य केले नाही. त्या हंगामात खेळलेल्या ३३ सामन्यांचे निकालही कोष्टकातून पुसले गेले. अशा वेळी ‘आर्थिक अडचणींमुळे क्लब बंद पडला’ असे एका वाक्यात उरकू नये. स्टँड, कर्ज, पत्र, नकार हा क्रम वाचकापुढे ठेवावा म्हणजे कारण त्याला आपोआप दिसते.

यानंतर लीगची शिडी नीट समजून घ्यावी. मी स्वतः एकदा १९९५ सालची ‘सेकंड डिव्हिजन’ म्हणजे दुसरा स्तर असे लिहून बसलो होतो. १९९२ मध्ये सर्वांत वरचा स्तर प्रीमियर लीग म्हणून वेगळा झाल्यावर सेकंड डिव्हिजन हा तिसरा स्तर झाला, आणि २००४ पासून त्यालाच लीग वन म्हणतात. चौथ्या स्तराला लीग टू हे नाव आहे. त्याखाली नॅशनल लीग येते. म्हणून नावासोबत स्तराचा आकडा द्यावा. १९८१ पूर्वी विजयाला २ गुण मिळत, नंतर ३. जुन्या आणि नव्या हंगामांचे गुण शेजारी मांडून तुलना करू नये.

तसेच १९८७ पूर्वी खालच्या स्पर्धेचे विजेतेपद मिळाले म्हणून लीगमध्ये प्रवेश मिळत नसे. क्लबांच्या मतदानातून निवडून यावे लागे. १९६२ मध्ये स्टॅन्लीची रिकामी जागा ऑक्सफर्ड युनायटेडला मिळाली ती अशीच. २००६ साली स्टॅन्ली कॉन्फरन्सचे (आजच्या नॅशनल लीगचे) विजेते म्हणून लीगमध्ये परतले, तेव्हा लीगमधून खाली गेलेल्या दोन क्लबांमध्ये ऑक्सफर्डही होते. असा योगायोग हाती लागला तर तो मजकुरात एकदाच सांगावा. मथळ्यात चढवून त्याला दैवाचा न्याय ठरवू नये.

साधनांच्या बाबतीत, जुन्या वृत्तपत्रांचे डिजिटल संग्रह आता घरबसल्या चाळता येतात. गावचा वार्ताहर आपल्याच संघाच्या बाजूने लिहितो, हे नमन-खेळ्यांच्या बातम्यांपासून आपल्याला ठाऊक आहे; म्हणून प्रतिस्पर्धी गावाचा अंकही वाचावा. नावे उच्चाराप्रमाणे लिहावीत: Derby दिसले तरी ‘डार्बी’, आणि ज्याला आपण ‘बरी’ वाचतो तो १९०० आणि १९०३ साली एफए कप जिंकणारा क्लब ‘बेरी’.

शेवटची खबरदारी छपाईची. इंग्लंडचा हंगाम ऑगस्टमध्ये सुरू होऊन मे महिन्यात संपतो, आणि आपली स्मरणिका नेमकी नव्या हंगामाच्या आरंभी छापखान्यात जाते. स्टॅन्ली २०१८ मध्ये लीग टू जिंकून वर गेले आणि २०२३ मध्ये पुन्हा खाली आले. एवढ्या चढउतारात ‘सध्या’ हा शब्द चाकरमानी मुंबईला परतेपर्यंतही टिकत नाही. कोष्टकाखाली ‘मे अखेरची स्थिती’ असे वर्षासह छापावे.